अळीला कळतात झाडांची नाती

रायगडच्या डोंगरांत पावसाळा सरत आला, की काही साग वेळेआधीच तांबूस दिसू लागतात. अशा सागाचं एखादं पान उजेडाकडे धरून पाहा. बारीकसारीक शिरांचं जाळं जसंच्या तसं, मधला हिरवा गर तेवढा गायब! हे काम युटेक्टोना मॅकेरॅलिस या पतंगाच्या अळीचं. पण कोवळ्या पानाच्या फक्त जाड शिरा उरल्या असतील आणि कडेला रेशमी धाग्याने धरलेली घडी असेल, तर खाणारी अळी हिब्लिया प्युएराची. पहिल्या पावसानंतरची नवी पालवी ही प्युएराची आवड, तर मॅकेरॅलिसला जून पानंही चालतात. पतंग दिसला नाही तरी उष्ट्यावरून त्याचं नाव सांगता येतं.

पतंग दिसले तर काम आणखी सोपं. प्युएराचे वरचे पंख सुक्या पानासारखे तपकिरी असतात. ते उघडले की खालच्या काळपट पंखांवरचे नारिंगी पट्टे झळकतात. मॅकेरॅलिस पिवळाधमक, त्यावर तांबड्या नागमोडी रेषा.

खरी कसोटी लागते ती सख्ख्या भावंडांपाशी. मॅकेरॅलिस आणि पलिगा डॅमास्टेसॅलिस या दोन्ही पतंगांचं वर्णन फ्रान्सिस वॉकरने 1859 मध्ये केलं. दोघेही पिवळे, दोघेही सागावरचे. पुढे कित्येक वर्षं आग्नेय आशियातल्या सागाची जाळी करणाऱ्या पतंगालाही मॅकेरॅलिसच म्हटलं जाई. 1990च्या दशकात नमुने बारकाईने तपासले गेले, तेव्हा तिकडचा पतंग डॅमास्टेसॅलिस निघाला.

असे जुळे कसे सोडवायचे? पंखांचे रंग उडतात, खवले झडतात. म्हणून अभ्यासक पतंगाच्या पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ठेवतात. मऊ भाग विरघळून जातो आणि कायटिनचे कठीण जननावयव उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आकडे, काटे आणि वळणं दिसतात. पंखांनी फसवलं तरी इथे बहुतेकदा प्रत्येक जातीची घडण निराळी असते. आता जोडीला डीएनए बारकोडही आहे. पतंगाचा एक पाय पुरतो. त्यातल्या एका जनुकाची साधारण 650 अक्षरं वाचून जातींची तुलना करता येते.

आता डोंगर उतरून खाडीकडे या. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत पावसाळ्याच्या अखेरीस कधीकधी तिवरांचे पट्टेच्या पट्टे करपल्यासारखे दिसतात आणि काही आठवड्यांत पुन्हा हिरवे होतात. त्या पानांवर ताव मारणारी अळी हिब्लिया प्युएराच! डोंगरातला साग आणि खाऱ्या चिखलातलं तिवर, यांचा काय संबंध? संबंध आहे. पूर्वी साग, निर्गुडी आणि तिवर एकाच कुळात मोजले जात. आज साग आणि निर्गुडी तुळशीच्या कुळात गेले आहेत, तर तिवर अडुळशाच्या. पण ही दोन्ही कुळं एकाच गणातली. प्युएराच्या आहारातली बरीचशी झाडं याच गणातली आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलं तपासून आणि पुढे डीएनए वाचून लावलेलं नातं अळी पानाच्या रसायनांवरून ओळखत आली आहे.

आता नात्याचा हाच प्रश्न पतंगालाही विचारला जातोय. प्युएरा या एकाच नावाखाली एकाहून अधिक जाती दडल्या असाव्यात, असा संशोधकांचा संशय आहे. हा नुसता नावाचा वाद नाही. केरळच्या वन संशोधन संस्थेने सागावरच्या प्युएराला आवर घालण्यासाठी विषाणू वापरून पाहिला आहे. तो प्युएराच्या अळ्यांना मारतो, मॅकेरॅलिसवर त्याची मात्रा चालत नाही. अळीचं नाव चुकलं, तर फवारणी वाया आणि सागाची पानंही गेली. म्हणून पतंगाचा फोटो काढाल, तेव्हा एक फोटो त्याच्या झाडाचा आणि एक कुरतडलेल्या पानाचाही काढा. पंख पाहून कोडं सुटलं नाही, तरी अभ्यासकाला तिथून धागा मिळू शकतो.