हजेरीपटाबाहेरचे गुरुजी

शाळेतल्या गुरुजींपुढे मुलं बसलेलीच असतात. संस्थेबाहेर शिकवणाऱ्यापुढे आधी कुणी येऊन बसावं लागतं, आणि कंटाळा आला की तो उठून जायला मोकळा असतो. गावोगावी गणित शिकवत फिरताना माझी खात्री झाली आहे, की या लोकांची शिकवण्याची रीत घडते ती याच धाकातून.

गाडगेबाबांचं (१८७६–१९५६) कीर्तन पाहा. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस दिवसा खराट्याने गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावापुढे उभा राहायचा. कर्ज, दारू, नवसाचं बोकड हे त्यांचे विषय. ते समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत आणि त्यातून पुढचा प्रश्न उभा करत. ताट मोडा, भाकरी हातावर खा, पण पोरांना शिकवा, हे लोकांना पटे. कारण सांगणाऱ्याने सकाळीच त्यांच्या दारापुढची घाण उचललेली असे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढचा पेच वेगळा होता. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येईनात. मुलगा गुरांमागे, मुलीच्या कडेवर धाकटं भावंड. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून हात झटकता आले असते. या दोघींनी शाळाच उचलून नेली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा, घरापुढे अंगणवाडी. शिवाय पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे धाकट्याला पाळण्यात ठेवून ताई वर्गात बसू शकते. अभ्यासक्रमाच्या कितीतरी सुधारणांपेक्षा मला तो पाळणा मोठा वाटतो.

अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून शिकून पुण्यात टेल्कोत लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करू लागले. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोणच का असतात, ते मुलाला मग सांगावं लागत नाही. मी हा प्रयोग कितीदा केला असेल, पण चौकोनात तिरपी काडी घालून तो घट्ट करणारं पोर दर वेळी नवं भेटतं. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. संस्थेने जागा दिली, खेळणी मात्र कचऱ्यातलीच राहिली.

न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून आज पक्षी ओळखायला, मोडी वाचायला शिकवणाऱ्यांपर्यंत ही परंपरा लांबलचक आहे. तिच्याविषयी आपण आदराने बोलतो, पण या माणसांची चूल कशावर पेटते हे विचारत नाही. कीर्तनकाराला बिदागी असे, शिधा असे. आता शाल-श्रीफळ मिळतं. एसटीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. यात अनेक चांगली माणसं थकून शिकवणीवर्गांकडे वळलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता बोलावणं आलं की मानधन आणि प्रवासखर्च मी आधीच विचारतो. गेल्या महिन्यात एका खेड्यातल्या वाचनालयाने कळवलं: पाचशे रुपये, दोन्ही वेळचं तिकीट, आणि जेवण ग्रंथपालबाईंच्या घरी. मी आगपेट्या घेऊन गेलो.