माजी विद्यार्थ्यांची मुलाखत, कचेरीचा निर्णय

महाराष्ट्रात अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या मुलाचे तोंड प्रवेश देणाऱ्याने कधी पाहिलेले नसते, आणि ते पाहावे अशी कुणाची अपेक्षाही नसते. सीईटीचे पर्सेंटाइल, जातीचा दाखला, महाविद्यालयांचा पसंतीक्रम आणि कॅप फेरीची यादी एवढ्यावर सारा व्यवहार उरकतो. याच मुलांपैकी एखादा जेव्हा अमेरिकेतील नामांकित विद्यापीठाकडे पदवीच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करतो, तेव्हा हिवाळ्यात केव्हातरी त्याला एक अनोळखी ई-मेल येते, आणि तिच्यात मजकूर असा असतो की, आपल्या विद्यापीठातून पूर्वी शिकून गेलेले एक गृहस्थ त्याच्याशी थोडा वेळ बोलू इच्छितात. त्या दिवसापासून घरात जी धांदल उडते, नवा सदरा शिवला जातो, उत्तरे पाठ होतात, आतेभावाच्या ओळखीतल्या कुणा प्राध्यापकांपुढे रंगीत तालीम होते, ती पाहता मुलाचे भवितव्य आता या एकाच भेटीवर टांगलेले आहे असा कुणाचाही ग्रह व्हावा. वस्तुस्थिती तशी नाही, आणि ती कशी आहे हे समजून घेण्यात अर्जदाराचे हित तर आहेच, पण एका जुन्या संस्थात्मक शिरस्त्याचे मोठे उद्बोधक दर्शनही त्यात घडते.

मुलाखत घेणारा हा विद्यापीठाचा नोकर नसतो. तो कुणी डॉक्टर असेल, बँकेतला अधिकारी असेल, निवृत्त अभियंता असेल. तो हे काम विनावेतन करतो. एमआयटीमध्ये अशा स्वयंसेवकांना ‘एज्युकेशनल काउन्सेलर’ असा हुद्दाही आहे, आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या अशा मंडळींचे जाळे जगभर पसरले असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या मुलाची मुलाखत पुष्कळदा भारतातच राहणारा कुणी घेतो. बहुतेक ठिकाणी त्याला अर्जदाराचे नाव, शाळा आणि संपर्काचा पत्ता यांपलीकडे काहीही कळवलेले नसते. गुण, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे ही सारी प्रवेश-कचेरीच्या दप्तरात बंद असतात. पूर्वी ही भेट एखाद्या कॉफीच्या दुकानात किंवा ग्रंथालयात होई. कोविडनंतर ती बहुतांशी पडद्यावरच होते.

समजा, मुलगा सांगतो की, शाळेच्या यंत्रमानव-स्पर्धेत आमच्या चमूला पारितोषिक मिळाले. ही गोष्ट अर्जात लिहिलेलीच असते. पण समोरचा अभियंता सहज विचारतो की, मग त्यात बिघडले काय काय? आणि मुलगा, पाठ केलेले सारे विसरून, आदल्या रात्री एक चाक कसे घसरू लागले, सायकलची जुनी ट्यूब कापून त्याला कशी गुंडाळली, आणि ही युक्ती आपली नसून चमूतल्या सर्वांत अबोल मुलीची होती, हे रंगून सांगू लागतो. अहवालात उतरते ते हे. मुलाखतकार दोन-चार परिच्छेद लिहितो, हार्वर्डसारख्या ठिकाणी काही गुणांकनही करतो आणि अहवाल रवाना करतो. पुढील विचारविनिमयात त्याला स्थान नाही.

त्या अहवालाचे वजन किती, याचे उत्तर विद्यापीठेच देतात. प्रवेशाच्या निकषांचा जो तक्ता अमेरिकी महाविद्यालये दरवर्षी एका ठरीव नमुन्यात प्रसिद्ध करतात, त्यात मुलाखतीपुढे ‘अत्यंत महत्त्वाची’ अशी नोंद फार थोडी महाविद्यालये करतात. ‘विचारात घेतली जाते’ एवढ्यावरच पुष्कळांची बोळवण होते. जॉर्जटाउनसारखे एखादे विद्यापीठ ती आवश्यक मानते, बाकीच्यांत मुलाखतकार उपलब्ध न झाल्यास अर्जदाराचे नुकसान होत नाही असे स्पष्ट आश्वासन असते. मग हा खटाटोप कशासाठी? माझ्या मते त्याचे खरे प्रयोजन अर्जदारापेक्षा मुलाखतकाराच्या ठिकाणी शोधावे. ग्रामदैवताच्या उत्सवात ज्याच्या हाती एकदा वाढपाचे काम दिले, तो पुढल्या वर्षी वर्गणी मागण्यापूर्वीच देतो, हे आपल्याकडील पंचांना ठाऊक असते; देणग्यांवर पोसलेल्या अमेरिकी विद्यापीठांना ते ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही.

परंतु या प्रथेचा उगम इतका निरुपद्रवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, येल, कोलंबिया येथील प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर मिळे, आणि त्या परीक्षेत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले उत्तम गुण मिळवू लागली. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या प्रथम वर्षात त्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून अधिक झाले, तेव्हा अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी त्यावर उघड मर्यादा घालण्याची तजवीज सुचवली. प्राध्यापकांनी ती फेटाळली. पण जे दाराने झाले नाही ते खिडकीने झाले. ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘नेतृत्व’ अशा तराजूत न तोलता येणाऱ्या गुणांना प्रवेशात स्थान मिळाले, अर्जासोबत छायाचित्र मागण्यात आले, आणि प्रत्यक्ष भेटीचे महत्त्व वाढले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द चोझन’ या ग्रंथात ही सारी हकिकत दप्तरांतून उकरून मांडली आहे. आपल्यासारखाच वाटणारा मुलगा ओळखून काढण्यासाठी आपल्याच जुन्या मुलाइतका कुशल पारखी दुसरा कोण मिळणार, हा त्यामागचा हिशेब होता.

काळाने मात्र या हिशेबावर विलक्षण सूड उगवला. ‘स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स’ या संस्थेने २०१४ साली हार्वर्डवर दावा दाखल केला आणि २०१८ च्या ऑक्टोबरात बोस्टनच्या न्यायालयात त्याची सुनावणी झाली, तेव्हा आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘व्यक्तिगत गुण’ या सदरात प्रवेश-कचेरीने गोऱ्या अर्जदारांपेक्षा कमी लेखल्याचे आकडे पुढे आले. फिर्यादी पक्षाचे बोट नेमके येथे होते की, ज्या माजी विद्यार्थ्यांनी या मुलांना समोर बसवून ऐकले, त्यांनी त्याच सदरात त्यांना जवळजवळ गोऱ्यांच्या बरोबरीने तोलले होते. कमी लेखले ते ज्यांनी बहुतेकांना कधी पाहिलेही नव्हते, केवळ कागद पाहिले होते, त्यांनी. खालच्या न्यायालयाला यात हेतुपुरस्सर पक्षपात आढळला नाही, आणि २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या विरुद्ध जो निकाल दिला तो प्रवेशातील वंशविचाराच्या व्यापक प्रश्नावर. तरीही परक्यांना दाराबाहेर ठेवण्याच्या बुद्धीने वाढीस लागलेली मुलाखत शंभर वर्षांनी परक्यांच्याच बाजूची साक्षीदार म्हणून उभी राहिली, ही गोष्ट मला त्या खटल्यातील सर्वांत लक्षणीय वाटते.

आपल्याकडे मुलाखतीला प्रवेशात किती स्थान द्यावे या प्रश्नाची तड वेगळ्या रीतीने लागली. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपे आणि तीत वडील काय करतात, राहता कोठे, असले प्रश्न विचारले जात अशी अर्जदारांची तक्रार होती. अजय हासिया खटल्यात १९८० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे ठरेल असे सांगितले, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशीही सूचना केली. ज्या देशात वशिल्याचे भय गुणवत्तेच्या आदरापेक्षा मोठे, तेथे चेहरा न पाहणारी यादीच लोकांना अधिक न्याय्य वाटते, यात नवल नाही.

अमेरिकेतही आता ओहोटी लागली आहे. हार्वर्डकडे २०२४ साली सुमारे ५४,००० अर्ज आले आणि प्रवेश दोन हजारांहूनही कमी जणांना मिळाला. इतक्या अर्जदारांना पुरतील एवढे स्वयंसेवक आणायचे कोठून? शिवाय ज्याच्या गावात माजी विद्यार्थीच नाहीत त्याने काय करावे, हाही प्रश्न आहेच. ब्राउनने मुलाखती बंद करून अर्जदाराने स्वतःच चित्रित केलेल्या लहानशा ध्वनिचित्रफितीचा पर्याय दिला, कोलंबियाने २०२३ साली ही प्रथा सोडली, पेनसिल्व्हेनियाने तिला केवळ ‘संवाद’ म्हणायचे ठरवले. तेव्हा ई-मेल आलीच नाही म्हणून सांगलीच्या किंवा मडगावच्या घरात सुतक पाळण्याचे कारण नाही. ती आली, तर ठरल्या वेळी हजर राहावे, आणखी कोणकोणत्या विद्यापीठांकडे अर्ज केला आहे हे आपण होऊन सांगत बसू नये (मुलाखतकारांनीही ते विचारू नये असा सर्वसाधारण संकेत आहे), आणि आईवडिलांनी पडद्याच्या कडेला बसून उत्तरे सुचवण्याचा मोह आवरावा. माजी विद्यार्थ्यांच्या अहवालात या गोष्टीची नोंद हटकून होते.