विषय मिळाला, प्रश्न कुठे आहे?

दिवाळीला माणसे जमली की फराळाच्या ताटाभोवती जे ठरावीक प्रश्न फिरतात, त्यांत अलीकडे एकाची भर पडली आहे: "काय, पीएच.डी. कुठवर आली?" ज्या घरातली लेक, सून किंवा चिरंजीव या वाटेला लागले आहेत, तिथली वडील माणसे थोडी गोंधळलेली दिसतात. प्रवेश मिळाला, मार्गदर्शक मिळाले, विषयही ठरला म्हणे; मग वर्ष उलटले तरी दहा-पंधरा पानांचा आराखडा मंजूर होत नाही, असे त्यात आहे तरी काय?

हा लेख त्या वडील मंडळींसाठी. लेखक स्वतः एम.ए.वर थांबलेला, पण प्राध्यापकांच्या खोलीत बरीच वर्षे काढल्यामुळे दुसऱ्यांचे आराखडे त्याने पुष्कळ वाचले आहेत. वऱ्हाडी म्हणून लग्नाचा अनुभव दांडगा, इतकेच.

प्रवेशाचा भाग सोपा नसला तरी सरळ असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम नोव्हेंबर २०२२चे. पदव्युत्तर परीक्षेत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण हवेत, मग परीक्षा आणि मुलाखत. २०२४पासून 'नेट'चे गुणही प्रवेशासाठी चालू लागले. मार्गदर्शक शोधणे मात्र स्थळ शोधण्यासारखे. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे मनाजोगते स्थळ बहुधा आधीच अडकलेले असते. शिवाय किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो.

आता आराखडा. नमुना विद्यापीठागणिक थोडा बदलतो, पण शीर्षक, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, गृहीतक, व्याप्ती, पद्धती, प्रकरणांची योजना आणि संदर्भसूची हे बहुतेक ठिकाणी आलेच. कागदावर हे घरखर्चाच्या वहीइतके साधे दिसते. खरी गोम अशी की विद्यार्थी विषय घेऊन येतो आणि आराखड्याला हवा असतो प्रश्न.

हातातल्या अंकाचेच उदाहरण घेऊ. एखादी मुलगी म्हणते, "मी दिवाळी अंकांतील स्त्रीचित्रण हा विषय घेते." ऐकायला झकास. पण का. र. मित्रांच्या 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला १९०९ साली. तेव्हापासून शंभराहून अधिक दिवाळ्या झाल्या, आणि आता तर दरवर्षी शेकडो अंक निघतात. एवढे वाचायला एक जन्म पुरायचा नाही. म्हणून मार्गदर्शक म्हणतात, "काळ बांधा." ती १९५० ते १९६० हे दशक घेते. "किती अंक?" तीन नियतकालिके. "कोणती स्त्री?" नोकरी करणारी. इथवर क्षेत्र आखून झाले, पण प्रश्न अजून आलेला नाही. तो कधीतरी असा सुचतो: कथेतली नोकरी करणारी बाई पहिल्या तारखेला पगार कुणाच्या हाती देते, आणि तो खर्च कसा करायचा हे कोण ठरवते? आता कुठे कामाला तोंड फुटले. कोणती कथा घ्यायची आणि कोणती सोडायची, हे या प्रश्नाने ठरते. ते अंक मिळणार कुठे, हेही लिहावे लागते. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत जाऊन, संच सलग आहेत की मधली वर्षे गळाली आहेत, हे आधी पाहून यायचे. साधन हाताशी नसताना मंजूर करून घेतलेला आराखडा पुढे फार छळतो.

या दोन-तीन ओळींच्या प्रश्नापर्यंत पोचायला सहा महिने गेले, तर ते वाया गेले असे मी मानणार नाही.

गृहीतकाबाबत तर फार मोठा गैरसमज आहे. 'स्त्रीला पगार मिळाला तरी निर्णयाचा हक्क मिळाला नाही' हे गृहीतक झाले. पण ते सिद्ध करायचेच, अशी शपथ घेऊन बसायचे नसते. ते पारखायचे असते. इरावती कर्वे १९२८च्या सुमारास बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते, आणि या असमानतेचा वंशाशी व बुद्धीशी संबंध आहे, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध आढळला नाही, आणि तसे त्यांनी लिहिले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध! १९३० साली त्यांना पदवी मिळाली. उलट उत्तर येण्याची वाट ज्या आराखड्यात आधीच बुजवलेली असते, त्याला मी तरी संशोधनाचा आराखडा म्हणणार नाही. आणि असे आराखडे, खेदाने सांगावे लागते, कमी नसतात. शीर्षकाच्या शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' जोडले की चिकित्सा झाली, अशी काहींची समजूत असते.

पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला आता लपायला जागा उरलेली नाही. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात जमा होतात, आणि मंजूर आराखड्यांसाठी वेगळा संग्रह आहे, त्याचे नाव 'शोधगंगोत्री'. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी. आपला प्रश्न दुसऱ्या कुणी आधीच विचारला आहे का, हे तिथे घरबसल्या पाहता येते. अर्थात, परीक्षकालाही येते.

वडील मंडळींनी एक हिशेब मात्र ध्यानात घ्यावा. पदवीसाठी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, आणि ती मोजली जातात प्रवेशाच्या दिवसापासून, आराखडा मंजूर झाल्यापासून नव्हे. पुनर्नोंदणी केली तर आणखी २ वर्षांपर्यंत मिळू शकतात. स्त्रियांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत, पण एकूण १०च्या वर नाही. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही नियमात आहे. दर सत्रात सल्लागार समितीपुढे उभे राहून काम किती झाले ते सांगावे लागते. जुने अंक सहसा घरी नेता येत नाहीत; ग्रंथालयातच बसून टिपणे काढावी लागतात. तेव्हा सकाळची पोळीभाजी त्या दिवशी कोण करणार, हा मुद्दा विद्यापीठाच्या नमुन्यात नसला, तरी घरच्या समितीकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो.