पुसलेल्या फिती आणि जपलेले डबे : जुन्या दूरचित्रवाणी मालिकांच्या संग्रहाचा प्रश्न

प्रास्ताविक

दुर्मिळ ग्रंथ, नाणी किंवा टपाल तिकिटे जमविणाऱ्या व्यक्तीला समाजात अभ्यासकाचा मान मिळतो. जुन्या दूरचित्रवाणी मालिकांच्या संग्राहकाला तो मान दीर्घकाळ मिळाला नाही. मनोरंजनाच्या कार्यक्रमांचा छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशीच सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन दशकांतील अनेक मालिका निर्मात्या संस्थांनी स्वतःच नष्ट केल्या आणि त्यांतील काही केवळ अशा संग्राहकांमुळे शिल्लक राहिल्या. विशेष म्हणजे ज्यांनी त्या जपल्या, त्यांपैकी बहुतेकांना त्या जवळ बाळगण्याचा अधिकार नव्हता. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील 'डॉक्टर हू' या मालिकेच्या आधारे या विसंगतीचा विचार केला आहे.

फिती का पुसल्या गेल्या?

आरंभीच्या काळात दूरचित्रवाणीचे बहुतांश कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. १९५६ मध्ये अँपेक्स या अमेरिकन कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्रमुद्रण करणारे यंत्र बाजारात आणले. ही फीत अतिशय महाग होती. मात्र ती पुसून पुन्हा वापरता येत असे. हा तिचा गुणच पुढे मालिकांच्या मुळावर आला. ब्रिटनमध्ये कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रमाच्या पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. १९६७ नंतर रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना कोणी विचारेना. अशा स्थितीत एकदा दाखवलेला कार्यक्रम कपाटात ठेवणे हा अपव्यय वाटावा, हे त्या काळच्या हिशेबाला धरूनच होते.

'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या दोन नायकांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९६९ पर्यंत, तिचे २५३ भाग झाले. त्यांच्या मूळ चुंबकीय फिती पुसण्यात आल्या. बीबीसीने १९७८ मध्ये स्यू माल्डन यांची जतनयोग्य कार्यक्रम निवडण्यासाठी नेमणूक केली, तेव्हा कोठे या विषयाकडे पद्धतशीर लक्ष दिले जाऊ लागले.

ही केवळ एका संस्थेची चूक नव्हती. जपानच्या एनएचकेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या वार्षिक ऐतिहासिक मालिकांच्या परंपरेतील पहिल्या मालिकेचा फक्त पहिला भाग उरला आहे. अमेरिकेतील ड्यूमाँट या १९५६ मध्ये बंद पडलेल्या वाहिनीच्या फिल्म १९७० च्या दशकात ट्रकमध्ये भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडविण्यात आल्या, अशी साक्ष अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससमोर दिली. याउलट १९५१ ची 'आय लव्ह लूसी' ही मालिका प्रथमपासूनच ३५ मि.मी. फिल्मवर चित्रित झाल्याने टिकून राहिली.

परदेशी गेलेल्या प्रती

मूळ फिती पुसल्या गेल्या असतील, तर आज जे भाग पाहता येतात ते आले कोठून? याचे उत्तर त्या काळच्या निर्यातव्यवहारात आहे. निरनिराळ्या देशांतील प्रक्षेपणाची मानके वेगळी होती. ब्रिटनमध्ये आरंभी ४०५ ओळींचे चित्र असे. अमेरिका व जपानमध्ये ५२५ आणि इतर अनेक देशांत ६२५ ओळींचे. चुंबकीय फीत एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन दाखविणे त्यामुळे अवघड होते. फिल्मला मात्र ही अडचण नव्हती. म्हणून सपाट पडद्यावर कार्यक्रम लावून त्याचे १६ मि.मी. फिल्मवर चित्रण करीत आणि अशा प्रती ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व आशियातील केंद्रांना विकत. कराराची मुदत संपली की त्या केंद्राने प्रत परत करावी, नष्ट करावी किंवा पुढच्या ग्राहक केंद्राकडे पाठवावी, असा संकेत होता.

या संकेताचे पालन जेथे चोख झाले, तेथे काहीच उरले नाही. जेथे हलगर्जीपणा झाला, तेथे मालिका वाचली! 'टूम ऑफ द सायबरमेन' या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून परत मिळाले आणि १९९२ मध्ये त्याची घोषणा झाली. नायजेरियातील जोस शहरात फिलिप मॉरिस या शोधकर्त्याला ११ फिल्म सापडल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये हे जाहीर झाले, तेव्हा त्यांतील नऊ भाग अन्यत्र कोठेही उपलब्ध नव्हते. त्यायोगे हरवलेल्या भागांची संख्या १०६ वरून ९७ वर आली. दप्तरातील नोंदी आणि गोदामातील वस्तुस्थिती यांतील तफावत हीच अशा शोधाची खरी गुरुकिल्ली ठरते. जी प्रत कागदोपत्री नष्ट झाली होती, तीच पुष्कळदा कोपऱ्यातल्या डब्यात असे.

फिल्मवरील चित्राला स्वतःच्या मर्यादा होत्या. मूळ चित्रात सेकंदाला ५० अर्धचित्रे असत. फिल्मवर ती २५ पूर्ण चित्रे झाली आणि हालचालीतील सहजता गेली. रंगीत कार्यक्रमाच्या कृष्णधवल प्रती निघाल्या. तथापि काही प्रतींमध्ये रंगाची माहिती वाहणारा संकेत बारीक ठिपक्यांच्या रूपाने नकळत उमटला होता. त्या ठिपक्यांवरून 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेच्या एका भागाचे मूळ रंग २००८ मध्ये परत मिळवता आले. तंत्रज्ञांना एकेकाळी दोष वाटलेला हा ठिपका नसता, तर हे शक्य झाले नसते.

संग्राहक आणि कायदा

प्रती संग्राहकांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग विविध होते. काही फिल्म कचऱ्याच्या पेटीतून उचलल्या गेल्या. 'डॅड्स आर्मी'चे दोन भाग अशाच रीतीने वाचले आणि २००१ मध्ये बीबीसीकडे परत आले. 'डॉक्टर हू'चे २०११ मध्ये उजेडात आलेले दोन भाग एका निवृत्त अभियंत्याने १९८० च्या दशकात एका जत्रेत इतर फिल्मबरोबर विकत घेतले होते. आपल्याजवळ काय आहे याची त्याला जाणीवही नव्हती.

येथे मुख्य प्रश्न उद्भवतो. डबा संग्राहकाजवळ असला तरी त्यातील कृतीचा स्वामित्वहक्क प्रक्षेपण संस्थेकडेच राहतो आणि जी प्रत नष्ट व्हायला हवी होती तिच्यावरील मालकीही संशयास्पद ठरते. ही भीती काल्पनिक नव्हती. प्रसिद्ध विनोदी कलावंत बॉब मंकहाउस यांचा फिल्मसंग्रह १९७० च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांनी जप्त केला आणि त्यांच्यावर खटला भरला. १९७९ मध्ये ते निर्दोष ठरले. पण इतर संग्राहकांनी घ्यायचा तो धडा घेतला आणि ते गप्प राहिले. २००३ मध्ये मंकहाउस यांचे निधन झाल्यावर त्यांच्या उरलेल्या संग्रहात अन्यत्र नष्ट झालेले कार्यक्रम आढळले. ज्या वृत्तीला गुन्हा मानले गेले होते, तिचेच हे फळ होते.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३ पासून हरवलेल्या कार्यक्रमांचा शोध घेणारा उपक्रम चालविला. संग्राहकाकडून फिल्म काही दिवसांसाठी घेऊन तिची प्रत काढायची आणि मूळ डबा त्याला परत द्यायचा, अशी पद्धत अनेकदा अवलंबिली गेली. हा व्यवहार्य तोडगा होय. संग्राहकाला त्याची वस्तू राहते, संस्थेला आशय मिळतो. परंतु त्यासाठी आधी विश्वास लागतो आणि तो निर्माण होईपर्यंत फिल्म थांबत नाही. ॲसिटेट फिल्म जुनी झाली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि अखेरीस यंत्रातून जाईनाशी होते. संग्राहकाच्या मृत्यूनंतर वारसांना डब्यांवरील चिठ्ठ्यांचा अर्थ लागत नाही, ही आणखी एक अडचण.

अर्थात सर्वच संग्राहकांना उदारपणाचे श्रेय देता येणार नाही. जोस येथे 'द वेब ऑफ फिअर' या कथेचा तिसरा भागही आपण पाहिला होता, पण डबे हलविले जाईपर्यंत तो नाहीसा झाला, असे मॉरिस यांनी सांगितले आहे. तो एखाद्या खाजगी संग्रहात गेला असावा, असा तर्क केला जातो. १९६८ मध्ये हा भाग प्रक्षेपित होत असताना घरोघरच्या प्रेक्षकांनी दूरचित्रवाणी संचाजवळ ध्वनिमुद्रक ठेवून आवाज टिपून घेतला होता. 'डॉक्टर हू'च्या सर्वच हरवलेल्या भागांचा आवाज अशा घरगुती मुद्रणांतून उपलब्ध आहे. २०२१ मध्ये ही कथा डीव्हीडीवर पुन्हा आली, तेव्हा तिसऱ्या भागासाठी त्याच आवाजावर चलतचित्रे तयार करावी लागली.