किंग्स्टनच्या वस्तीतला आठवड्याचा एक तास

लेखमाला : मूल वाढताना (लेखांक ६)

गेल्या लेखात आपण पहिल्या दोन वर्षांतल्या आहाराविषयी बोललो. त्यातून निघालेला एक प्रश्न आज घेऊ. पोट भरलं, वजन वाढलं, लसी वेळेवर झाल्या, की मुलाची बुद्धी, बोलणं आणि स्वभाव आपोआप फुलत जातो का? की आईबापांना आणखी काही द्यावं लागतं? आणि लागत असेल, तर ज्या घरात पैसा नाही, शिक्षण नाही, एका खोलीत सहा माणसं राहतात, त्या घरातल्या आईबापांना ते देता येतं का? मला माहीत असलेलं याचं सर्वांत नेमकं उत्तर जमैका बेटाच्या राजधानीत, किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्यांत मिळालं.

डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या ब्रिटिश डॉक्टर तिथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठात काम करत होत्या. १९७०च्या दशकात तीव्र कुपोषणामुळे दवाखान्यात दाखल झालेली मुलं त्या पाहत होत्या. उपचारांनी मुलं जगत, वजनही भरून येई. पण घरी गेल्यावर ती बोलण्यात, समजण्यात मागेच राहत. म्हणून त्यांनी काही मुलांसाठी वॉर्डातच रोज खेळणं सुरू केलं आणि मूल घरी गेल्यावरही खेळण्याच्या भेटी चालू ठेवल्या. ही मुलं केवळ उपचार घेऊन घरी गेलेल्या मुलांच्या स्पष्टपणे पुढे गेली. डॉक्टरीणबाईंना त्यातून दिशा सापडली. मग १९८६-८७मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यास सुरू केला, ज्याचा दाखला आज जगभर दिला जातो.

त्यात ९ ते २४ महिने वयाची १२९ मुलं होती. सगळी वयाच्या मानाने उंचीने कमी, म्हणजे दीर्घकाळ अपुरं पोषण झालेली, आपल्याकडे आरोग्य खातं ज्यांना खुजी म्हणतं तशी. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर मिळे. दुसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका तासभर जाई. तिसऱ्याला दोन्ही मिळे, आणि चौथ्याला नेहमीच्या आरोग्यसेवेपलीकडे यातलं काही नाही. दोन वर्षं हे चाललं आणि मग थांबलं. बाकी सगळं आयुष्य त्या कुटुंबांनी आपापल्या परिस्थितीतच काढलं.

त्या तासात काय घडत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. आरोग्यसेविका त्याच समाजातली, बेताच्या शिक्षणाची बाई. तिला काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेलं. पिशवीत खेळणी असत, तीही टाकाऊ वस्तूंपासून हाताने केलेली: प्लास्टिकच्या बाटलीचा खुळखुळा, लाकडाचे ठोकळे, चिंध्यांची बाहुली, पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवलेलं पुस्तक. दर आठवड्याला खेळणी घरात ठेवायची, पुढच्या वेळी ती परत घेऊन दुसरी द्यायची. इथवर कुणालाही सुचेल. खरं मर्म पुढे आहे. ती बाई मुलाला शिकवायला जात नसे. ती आईला सोबत घेऊन खेळून दाखवी आणि मग खेळ आईच्या हाती सोपवी. आंघोळ घालताना अवयवांची नावं घ्या, कपडे वाळत घालताना रंग सांगा, मूल जिकडे बोट दाखवतंय त्याच वस्तूविषयी बोला, त्याने काही केलं की कौतुक करा. आणि सेविकेला आणखी एक सूचना होती: आईचंही कौतुक करा. एरवी सरकारी माणूस दारात आला की काय चुकतंय तेच ऐकायची सवय असलेल्या बायांना दर आठवड्याला कुणीतरी सांगत होतं, ‘तुम्ही हे छान केलंत.’

दोन वर्षांनंतर दुधाचाही फायदा दिसला आणि खेळण्याचाही. दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे होती. पण मुलं ११-१२ वर्षांची झाली तोवर दुधामुळे मिळालेली बौद्धिक आघाडी पुसली गेली होती, खेळण्याची टिकून होती. १७-१८व्या वर्षी ही मुलं वाचनात आणि बुद्धीच्या चाचण्यांत वरचढ होती. त्यांच्यात चिंता आणि उदासी कमी आढळली. २२व्या वर्षी मारामारीत, हिंसेत त्यांचा सहभाग कमी होता. २०१४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्या कमाईचा हिशोब छापून आला. घरी भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती, आणि त्याच वस्त्यांतल्या, लहानपणी खुज्या नसलेल्या मुलांची त्यांनी बरोबरी गाठली होती. अभ्यास लहान होता आणि एकाच शहरातला, हे खरंच आहे. एवढ्यावरून सगळ्या जगाचा नियम बांधू नये. पण तीच मुलं दोन दशकं पुन्हा पुन्हा शोधून काढणं आणि दर वेळी परिणाम त्याच दिशेला सापडणं, ही साधी बाब नाही.

आहार बिनमहत्त्वाचा, असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये. उपाशी मुलाला खेळायला ताकदच नसते. मलूल मूल रांगत नाही, वस्तूंना हात घालत नाही, हाका मारत नाही. आणि जे मूल काही मागत नाही त्याच्याशी कामाने थकलेली आई कमी बोलते. त्यामुळे मूल आणखी गप्प होतं. हे चक्र नुसत्या अन्नाने पूर्ण तुटत नाही. समोरून प्रतिसाद यावा लागतो.

प्रतिसाद म्हणजे नेमकं काय, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून स्वच्छ दिसतं. काही महिन्यांच्या बाळाशी आई हसत-बोलत खेळते. मग तिने दोनतीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा, बाळाकडे बघायचं पण काहीच उत्तर द्यायचं नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच होत नाही म्हटल्यावर अस्वस्थ होतं, मान फिरवतं, स्वतःत मिटून जातं. बोलताही न येणारा जीव संवादाची अपेक्षा धरून असतो आणि तो तुटला की तो जोडायला धडपडतो. ट्रॉनिक यांचंच दुसरं निरीक्षण पालकांना धीर देणारं आहे: चांगल्या, प्रेमळ मायलेकरांतही बराच वेळ सूर जुळलेला नसतोच. तो पुन्हा जुळतो, पुन्हा पुन्हा जुळतो, यातून बाळ शिकतं. चोवीस तास हसतमुख राहणारी आई कुणालाच नको आहे.

म्हणूनच या सगळ्या ज्ञानाचा उपयोग आयांना दोषी ठरवायला होतो तेव्हा मला संताप येतो. पहाटे उठून उसाच्या फडात मोळ्या बांधणारी बाई लेकराला झोळीत टाकून कामाला लागते, ती त्याच्याशी कमी बोलत असेल तर प्रेम कमी आहे म्हणून नव्हे. उदासीने ग्रासलेल्या आईचा चेहरा निर्विकार होतो, तो तिने ठरवून केलेला नसतो. जमैकातच पुढे झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की अशा घरभेटींनी आयांमधलं नैराश्यही कमी झालं. आईशी कुणीतरी नीट बोललं, तर ती बाळाशी बोलते. आईबापांचा मुलांवर प्रभाव पडतो हे म्हणताना त्या आईबापांवर कशाचा प्रभाव पडतोय, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आपल्याला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, आणि महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, खडे, पानं वापरावीत, ही त्यांची रीत होती. १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पोचली. पण तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत बसत नाही. त्याच्या वाट्याला घरी न्यायचं आहाराचं पाकीट, वजन आणि लसी येतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं खुजी आढळली. म्हणजे किंग्स्टनच्या त्या १२९ मुलांसारखी मुलं आपल्या गावोगावी आहेत, आणि त्यांच्यासाठी आपण बहुतांशी दुधाच्या पावडरीचाच अर्धा उपाय करतो आहोत.

दुसरा अर्धा आपल्या देशात जमतो का? ओडिशात कटकच्या वस्त्यांमध्ये हाच अभ्यासक्रम स्थानिक बायकांनी दीड वर्ष घरोघरी नेला, तेव्हा मुलांच्या आकलनात ठळक सुधारणा झाली. त्याच राज्यातल्या खेड्यांत आयांना गटाने एकत्र बसवूनही जवळपास तेवढाच फायदा मिळाला, आणि त्याला खर्च कमी लागतो. आपल्या अंगणवाडीताईंच्या डोक्यावर नोंदवह्या, मोबाइलमधलं ॲप, सर्वेक्षणं यांचा आधीच भार आहे. त्यात हे काम नुसतं एका परिपत्रकाने टाकून चालणार नाही. त्यासाठी वेळ, प्रशिक्षण आणि मानधन द्यावं लागेल. पण गावात आठवड्याला एकदा आयांचा असा गट बसवणं आवाक्याबाहेरचं नाही.

आणि ज्यांच्या घरी आज एखादं लहान मूल आहे त्यांच्यासाठी: खेळण्यांच्या दुकानात जायची घाई नको. भाजी निवडताना त्याच्या हातात एक शेंग द्या आणि तिच्याविषयी बोला. ते ‘बा’ म्हणालं तर तुम्हीही काही म्हणा आणि मग थांबा, त्याच्या उत्तराला वेळ द्या. हे थांबणं आपण फार विसरतो. बुवाकुक, आजीची बडबडगीतं, बोटांचे खेळ, यांत हे देणं-घेणं आधीच भरलेलं आहे. मोबाइलवरचं गाणं बाळाला गप्प करतं, पण बाळाच्या हुंकाराला ते उत्तर देत नाही.

किंग्स्टनच्या भेटी मुख्यतः आयांनाच दिल्या गेल्या. बाप तेव्हा कुठे होता, आणि तो खेळायला बसला की मुलात काय वेगळं घडतं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.