बारावीनंतर दिल्ली-अलीगढ? एकच फॉर्म पुरत नाही

मुलांना दिल्ली किंवा अलीगढला शिकवायचं, असं अनेक घरांत ठरतं. पण चौकशी सुरू होते निकालानंतर, आणि तोवर फॉर्मची मुदत संपलेली असते.

केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा आहे. पेपर मराठी किंवा उर्दूतूनही देता येतो. मात्र दिल्ली विद्यापीठासाठी त्यांच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. अलीगढ आणि जामियात काही कोर्स सीयूईटीवर, तर अनेक कोर्स त्यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर चालतात. म्हणून आधी कोर्स ठरवा, मग फॉर्म भरा.

खरी अडचण कागदपत्रांची. ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर सर्टिफिकेट लागतं. जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवर ‘शेख’, ‘सय्यद’चं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का, तेही आजच बघा.

अॅडमिशन मिळालं म्हणजे हॉस्टेल मिळालंच असं नाही. त्याचा अर्ज वेगळा असतो. मेसचा खर्च, मुलींच्या हॉस्टेलच्या वेळा, अभ्यासाचं वातावरण हे तिथे शिकणाऱ्या आपल्या भागातल्या मुला-मुलींना फोन करून विचारा.

ही सगळी कामं अकरावीतच सुरू करा. बारावीत मग मुलांना फक्त अभ्यास उरेल.