गोपनीय अहवाल आणि उघडे दुकान

वाणिज्य शाखेत 'मनुष्यबळ व्यवस्थापन' हा विषय अभ्यासाला आला की त्यात 'परफॉर्मन्स अप्रेझल' नावाचे एक प्रकरण हमखास असते. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला हा शब्द आधी पाठ करावा लागतो, अर्थ मागाहून कळतो. साध्या मराठीत त्याला कामाची पारख म्हणता येईल. नोकरीतील माणूस काम कसे करतो हे ठरावीक काळाने पाहणे, त्याची नोंद करणे आणि त्यावरून पगारवाढ, बढती व प्रशिक्षण यांचा निर्णय घेणे, म्हणजे कार्यमूल्यमापन. परीक्षेपुरती एवढी व्याख्या पुरते. परंतु अशी पारख केल्याने माणसाचे काम सुधारते का, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या कन्नड मैत्रिणींकडून मी एक म्हण शिकले, 'कै केसरादरे बायि मोसरु'. हात चिखलाने माखले तर तोंडी दही पडते. म्हण अगदी खरी आहे. पण हात किती माखले हे ठरवायचे कोणी, आणि ठरवल्यावर ते ज्याचे हात त्याला सांगायचे की नाही, याविषयी ती गप्प आहे. आपले प्रकरण नेमके तेथून सुरू होते.

ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा ग्वाल्हेरात अधिक समजली. ग्वाल्हेर हे माझे आजोळ. शिंद्यांबरोबर उत्तरेत गेलेली मराठी घराणी तेथील लष्कर भागात अजून नांदत आहेत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून त्या भागाला हे नाव पडले. त्याच लष्करात नया बाजार आहे. मामांचे स्नेही असलेल्या एका शेठजींचे तेथे साड्यांचे दुकान आहे, आणि सुटीत त्या दुकानात मी पुष्कळ वेळ बसलेली आहे.

लग्नसराईला तिकडे 'सहालग' म्हणतात. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एक नवा मुलगा गिऱ्हाइकापुढे साड्यांचा ढीग घाली आणि गिऱ्हाईक काही न घेता उठून जाई. शेठजी गादीवरून तेथल्या तेथे सांगत, "आधी विचार, साडी नेसायची आहे की आहेरात द्यायची आहे, आणि किती रुपयांपर्यंत हवी. मग घडी मोड." पुढच्या गिऱ्हाइकाला तो मुलगा तसे विचारी. सहालग संपेपर्यंत तो चांगला तयार झाला होता. चूक झाली त्याच घटकेला ती सांगणे आणि योग्य रीत दाखवणे, हे प्रशिक्षणाचे उत्तम तत्त्व शेठजी कोणतेही पुस्तक न वाचता पाळत होते.

पण त्या दुकानाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तेथे लिहिलेले काहीच नाही. दिवाळीला कोणाचा पगार किती वाढणार हे शेठजींच्या मनात असते. मागच्या खोलीत बसून मालाची मोजदाद ठेवणारे, परत आलेल्या साड्यांच्या घड्या घालणारे एक वयस्क काका होते. ते गिऱ्हाइकाच्या समोर येत नसत, म्हणून त्यांचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नसे आणि वाढही बेताचीच होई. शिवाय नव्या मुलाला सगळे बोलणे चारचौघांत ऐकावे लागे. गोष्ट उपयोगाची असली तरी अशा वेळी माणसाची मान खाली जाते.

आता याच्या अगदी उलट चित्र. मामा एका सरकारी कार्यालयात होते. तेथे सर्व काही लेखी. दरवर्षी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल वरिष्ठ लिहीत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शेरा प्रतिकूल असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवीत. 'चांगला' असा शेरा प्रतिकूल समजला जात नसे, म्हणून तो कळवला जात नसे. पण बढतीसाठी 'अतिशय चांगला' ही अट असे. म्हणजे कागदावर चांगला ठरलेला माणूस मागे राही, आणि का मागे राहिला हे त्याला उमगत नसे. मामांचे असेच झाले. त्यांच्यामागून आलेले पुढे गेले. "कमी कुठे पडलो ते एकदा सांगितले असते तर सुधारले असते ना!" एवढेच ते अजून म्हणतात.

नेमका हाच प्रश्न देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. देव दत्त हे सीमा रस्ते सेवेतील कार्यकारी अभियंता. बढतीसाठी सलग पाच वर्षे 'अतिशय चांगला' शेरा हवा होता, आणि १९९३-९४ या एका वर्षी त्यांना 'चांगला' मिळाला होता. तो त्यांना कळवलाच नव्हता. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की शेरा वाईट असो, साधारण असो वा अतिशय चांगला असो, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. एक तर त्यामुळे त्याला आपले काम सुधारता येते, आणि दुसरे म्हणजे शेरा अन्यायाचा वाटल्यास दाद मागता येते. पुढे मे २००९ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याची आणि त्यावर पंधरा दिवसांत म्हणणे मांडू देण्याची पद्धत घालून दिली. अहवालाच्या नावातून 'गोपनीय' हा शब्दही गेला.

खाजगी उद्योगांत हा विचार आपल्याकडे त्याआधीच सुरू झाला होता. मुंबईत १९३८ साली दोन डॅनिश अभियंत्यांनी स्थापन केलेल्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीने १९७४ च्या सुमारास अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांना आपली मूल्यमापन पद्धत तपासण्यास सांगितले. त्यांचे सांगणे असे, की नुसते गुण देऊन भागत नाही. गुण, त्यावर वरिष्ठ आणि कर्मचारी यांचे बोलणे, प्रशिक्षण, आणि पुढे हा माणूस काय करू शकेल याचा अंदाज, या सर्वांची एकच साखळी असावी. त्यातून तेथे मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतीय उद्योगात अशा विभागाचा आरंभ तेथूनच मानतात.

पारख करणाऱ्याचे डोळेही नेहमी स्वच्छ असतात असे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवून दिले, की वरिष्ठाला एखादा माणूस एका बाबतीत आवडला की इतर बाबतींतही तो त्याला आपोआप चढे गुण देतो. नया बाजारातल्या त्या काकांचे आणि समोर बसणाऱ्या बोलघेवड्या विक्रेत्याचे गणित येथे उलगडते. १९५७ साली डग्लस मॅकग्रेगर यांनी याच्या पुढचे पाऊल सुचवले. वरिष्ठाने न्यायाधीश होऊन बसू नये. कर्मचाऱ्याने स्वतःची उद्दिष्टे स्वतः मांडावीत, वरिष्ठाशी बोलून ती पक्की करावीत, आणि काही महिन्यांनी दोघांनी मिळून ती तपासावीत.

या सगळ्याचा व्यवहारात उपयोग कसा करावा? वर्षाच्या आरंभी काय अपेक्षित आहे ते दोघांनी मिळून लिहून ठेवावे. चूक दिसेल तेव्हाच, पण एकांतात, सांगावी. चांगले काम मात्र चारचौघांत बोलून दाखवावे. पडद्यामागचे कामही मोजावे. वर्षअखेरचा शेरा वाचून माणसाला धक्का बसला, तर वर्षभर त्याच्याशी कोणी बोलले नाही असे खुशाल समजावे. आणि कमतरता दाखवली की ती भरून काढण्याची सोयही त्याच बैठकीत ठरवावी. कापडाच्या दुकानाने थोडे लिहायला शिकावे आणि कचेरीने थोडे बोलायला शिकावे, असे माझे मत आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी काही जण उद्या शेरे लिहितील आणि बहुतेक जण ते घेतील. पण मूल्यमापन आपल्याला आजही नवे नाही. अंतर्गत परीक्षेचे गुण फलकावर लागतात, वीसपैकी अकरा. नऊ गुण कुठे गेले हे पुष्कळांना अखेरपर्यंत कळत नाही. आदरणीय प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती, की तपासलेले पेपर एकदा आमच्या हाती द्यावेत आणि दोन मिनिटे बोलावे. आम्हीही तेव्हा केवळ गुण वाढवून मागण्यासाठी उभे राहणार नाही, एवढी हमी निदान माझ्यापुरती देते.